भावोजींच्या कानांवरच्या करट्या

माझे भावोजी काशिनाथ मसुरकर मालवणात भरडावर रेडिओ दुरुस्त करीत. लढाईच्या वर्षांत मुंबईला एका वर्कशॉपात ते हे काम शिकले, नंतर गावाकडे परतले, आणि बावन्न साली माझ्या थोरल्या बहिणीशी, कावेरीताईशी, त्यांचं लग्न झालं. दोन वर्षांनी मला मालवणच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्या धुरीवाड्यातल्या घरी राहायला गेले ती कायमचीच. मला तीन-चार स्थळं येऊन गेली होती. मुलगी बोलते फार, असं सगळीकडे म्हणणं पडलं. ते खरं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

भावोजींचं नेमकं उलट. पंचवीस-तीस शब्दांत त्यांचा अख्खा दिवस भागे. गिऱ्हाईक रेडिओ काखेत मारून दुकानात येई, रेडिओ कसा बंद पडला, त्या वेळी घरात कोण होतं, कोणी हात लावला, सगळं रामायण सांगे. भावोजी त्याच्याकडे बघतही नसत. रेडिओला बॅटरी जोडत, कान लावत आणि म्हणत, "मंगळवारी येवा." खरखर कुठली, घरघर कुठली, शिट्टी कशाने वाजते, हे त्यांना झाकण उघडायच्या आधी कळे. या माणसाला माणसांपेक्षा खोकी जास्त समजतात, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणे. ताई हसे. म्हणे, "खोकी उलट बोलनत नाय मां."

ताईला तेव्हापर्यंत दोन मुलं झाली होती आणि दोन्ही राहिली नव्हती. पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच सगळं आटोपलं. पाळणा माळ्यावर गेला आणि त्यावर आमसुलांची बरणी ठेवली गेली. त्यावर घरात कोणी बोलत नसे, मीसुद्धा.

एकसष्ट साली पावसाळ्यात पुण्याहून एक प्रोफेसर आले. कोकणातली बोली, गाणी, देवापुढची बोलणी, सगळं टेपवर धरून ठेवायचं काम त्यांच्या संस्थेने काढलं होतं. त्यांच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेएवढं एक यंत्र होतं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं. पुण्याचा माणूस दर वेळी कुठून येणार, म्हणून इथलाच कोणीतरी शिकवून तयार करावा असा त्यांचा विचार. कोणीतरी भावोजींचं नाव सांगितलं. प्रोफेसरांनी दुपारभर समजावून सांगायची तयारी ठेवली होती, भावोजींनी तासाभरात यंत्र खोलून पुन्हा बसवून दाखवलं. टेपवरचे शब्द कागदावर उतरवायला मालवणी कळणारं आणि शुद्ध लिहिणारं माणूस हवं होतं. ते काम मी मागून घेतलं. न बोलणारे भावोजी आवाज धरणार आणि सतत बोलणारी मी गप्प बसून लिहिणार, यावर ताईला दोन दिवस हसू आवरत नव्हतं.

पहिलं काम दसऱ्याचं निघालं. भावोजींचं गाव मालवणपासून सात-आठ मैल आत, खाडीकाठी. दसऱ्याला दुपारी तिथे रवळनाथाच्या देवळात सारा गाव जमतो आणि गावकर, म्हणजे गावाच्या वतीने बोलणारा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो. घाटावरच्या लोकांना वाटतं, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवाशी उभ्याने केलेलं बोलणं असतं. गावकर एकेक मागणं मोठ्याने देवापुढे ठेवतो आणि प्रत्येक मागण्याअखेर जमलेला माणूस न् माणूस म्हणतो, "व्हय म्हाराजा!" म्हटल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की गाऱ्हाण्याचा सूर कानांवर आला की तोंड आपोआप उघडतं.

भावोजींचं तेच झालं. गावकर होते बाबली परब, सत्तरीचे, पण आवाज खणखणीत. भावोजी खांबाशी यंत्र घेऊन बसले होते, पुढ्यात मायक्रोफोन, डोक्यावर हेडफोन. मी बायकांच्या बाजूला वही घेऊन. गाऱ्हाणं व्यवस्थित झालं, टेप पुण्याला गेली, आणि पंधरा दिवसांनी प्रोफेसरांचं पत्र आलं. "आपले परिश्रम स्तुत्य आहेत. तथापि ध्वनिमुद्रकाचा स्वतःचा आवाज फितीवर येता कामा नये. आपल्या 'होय महाराजा'पुढे गावकऱ्यांचे 'होय महाराजा' ऐकूच येत नाहीत."

मी ते पत्र मोठ्याने वाचलं आणि पोट धरून हसले. एकवीस मागणी, एकवीस वेळा भावोजींची गर्जना. आयुष्यभर न बोललेला माणूस बोलला तो थेट पुण्याला ऐकू गेला. भावोजींचे कान लाल झाले. "माका वाटला, मी हळू म्हटलंय," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी मग दोष शोधला, रेडिओचा शोधावा तसा. चूक तोंडाची होतीच, पण ती कळली नाही हा दोष हेडफोनचा, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्याकडे होते ते जुने हेडफोन म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि दोन टोकांना काळ्या चकत्या. चकत्या कानांवर नुसत्या टेकायच्या. बाहेरचा आवाज कडेने सरळ आत. देवळात बसून जे ऐकू येत होतं त्यातलं तारेतून किती येतंय आणि हवेतून किती, हे त्यांना समजायला मार्गच नव्हता. "टेप काय आयकता ता माका आयकाक व्हया," ते म्हणाले. "मी काय आयकतंय ता नको." एका दमात एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरे हेडफोन शिवा तांडेलने आणून दिले. शिवा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. जहाजावरच्या बिनतारी संदेशवाल्याने टाकून दिलेले हेडफोन त्याने सांभाळून आणले होते. त्यांना कातड्याच्या गाद्या होत्या. बरे होते, पण डाव्या कानाला आवाज बारीक येई, आणि आमच्या दमट हवेत महिन्याभरात त्या कातड्याला हिरवी बुरशी धरली. दोन कानांना दोन वेगळे आवाज ऐकून माझं डोकं दुखायला लागे. भावोजी म्हणाले, मधल्या मध्ये टेपवर काय गेलं ते कोण सांगणार?

तिसरे दोडामार्गला मिळाले. गोवा मोकळा झाल्यावर तिकडच्या फौजेने टाकलेलं सामान हळूहळू हद्दीपलीकडून इकडे यायला लागलं होतं. बूट, पखाली, कंदील, काय काय. बासष्टच्या शिमग्यानंतर भावोजी एसटीने सावंतवाडी आणि तिथून दोडामार्गला गेले. नाक्यावरच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना बिनतारी संचाचे हेडफोन दिसले. जाड काळं रबर, कान पूर्ण आत जाईल एवढे खोल. भावोजींनी ते डोक्यावर चढवले आणि भंगारवाल्याला सांगितलं, बोल. तो बोलत राहिला. भावोजींनी फक्त त्याचे ओठ हलताना पाहिले आणि लगेच, घासाघीस न करता, पिशवीतला एक दुरुस्त केलेला रेडिओ त्याला देऊन टाकला.

घरी आल्यावर तिन्हींची परीक्षा झाली. ताईला पडवीत विळीवर बसवलं. भावोजी माजघरात, यंत्र बंद, डोक्यावर एकेक हेडफोन. परीक्षा अशी की यंत्र बंद असताना नारळ खवण्याचा आवाज ऐकू आला तर तो हेडफोन बाद. पहिला बाद झाला. दुसराही अर्धामुर्धा बाद झाला. तिसरा चढवून ते बसले, आणि ताई खवत राहिली. एक वाटी संपली, दुसरी संपली. शेवटी ती विळी मिटून आत आली. "आयकाक येता काय तुमका? नाय? मगे मी कोणासाठी खवतंय?" भावोजींना हेही ऐकू आलं नाही. ते भिंतीकडे बघत समाधानाने बसले होते. त्या दिवशी आमच्याकडे सोलकढी, चटणी, भाजी, सगळ्यात नारळच नारळ.

त्या हेडफोनमध्ये खोडी नव्हत्या असं नाही. वजनाने मान अवघडे. आमच्या हवेत रबराखाली घामाची तळी साचत. काढताना कान असे सुटत की बघवत नसे. शेजारची जानकी येऊन बघून गेली आणि धुरीवाडाभर सांगत सुटली, काशिनाथ कानांवर करट्या बांधून बसतो. नारळाच्या करट्याच, करवंट्याच दिसत त्या, खोटं कशाला बोला? पण भावोजींनी निवड केली ती बदलली नाही. करट्या चढवल्या की देऊळ, माणसं, ऊन, सगळं नाहीसं होतं आणि फक्त टेपवर जाणारा आवाज उरतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. मला ते सुख वाटलं होतं. मला आता तसं वाटत नाही.

तोंडाचाही बंदोबस्त त्यांनी केला. रेकॉर्डिंगला बसताना सुपारीचं खांड दाढेखाली धरायचं, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं. मे महिन्यात धनगरांची गाणी झाली, पावसाळ्यात भातलावणीवरच्या बायकांची. सुपारीने काम चोख केलं. प्रोफेसर खूश.

बासष्टचा दसरा आला तेव्हा ताईला सहावा महिना होता. तिसरी खेप. काशीबाई सुईणीने तिला गाडीत बसायची बंदी केली होती, म्हणून ती मालवणातच राहिली. "देवाक माजो नमस्कार सांगा," ती म्हणाली. भावोजी आणि मी यंत्र घेऊन गेलो. गेल्या वर्षीची टेप वाया गेली होती, ती या वर्षी नीट करायची होती.

गाऱ्हाणं अगदी साफ झालं. गावकर बोलत होते, गाव व्हय म्हाराजा म्हणत होता, भावोजी करट्या चढवून यंत्रावरच्या आवाज मोजणाऱ्या सुईकडे नजर लावून बसले होते. शेवटचं मागणं झालं. सगळ्यांचे जोडलेले हात खाली यायला लागले. तेवढ्यात बाबली परब पुन्हा देवाकडे वळले. हे ठरलेलं नव्हतं. त्यांच्या मनात आपसूक आलं.

"आणि बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "ह्यो तुजो लेकरू काशिनाथ आज तुज्या दारात यंत्र घेवन बसलोहा. तेच्या घरात दोनदा पाळणो बांधलो, दोनदा रिकामो रवलो. ह्या खेपेक तेची अस्तुरी कावेरी सुखरूप सुटाने, जा काय बाळ दिशी ता जगाने वाचाने, तो ता तुज्या पायार आणून घालतलो रे म्हाराजा!"

रीत अशी की ज्याचं गाऱ्हाणं त्याने आधी म्हणायचं. मग गाव. म्हणून गाव थांबला. सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या कानांवर करट्या, डोळे सुईवर, तोंड मिटलेलं. दोन-तीन श्वासांएवढा वेळ गेला. मग बाबलींनीच हात वर केला आणि गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

आणि मी काय केलं, तेही लिहिते. मी मनात म्हटलं, शाबास भावोजी, या वेळी टेप साफ गेली. मला दुसरं काहीही सुचलं नाही. मी स्वतःही व्हय म्हाराजा म्हटलं नाही, कारण मी मान खाली घालून गाऱ्हाण्याचे शब्द लिहीत होते.

यंत्र बंद झाल्यावर बाबली जवळ आले. "म्हणूक नायस रे तू?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, नवल वाटून. भावोजींनी दाढेखालचं सुपारीचं खांड काढून हातात घेतलं. "टेप चालू होती," ते म्हणाले. बाबलींनी प्रसादाच्या नारळाचं भकल त्यांच्या हातात ठेवलं. "आसानदे. देवाक समाजता," ते म्हणाले. परतताना गाडीत मी भावोजींना विचारलं, तुम्हाला ऐकू तरी आलं होतं का? "आयकलंय. आवाज बरो होतो बाबलीचो," ते म्हणाले. नंतर बऱ्याच वेळाने, गाडी सोडून होडीत बसलो आणि होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा, ते एकदम म्हणाले, "माजा नाव घेतल्यान तेणा." ते मला सांगत नव्हते.

घरी ताई दारातच उभी होती. मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं की बाबलींनी तुझ्यासाठी वेगळं गाऱ्हाणं घातलं. माझी जीभ कुठे थांबते? तिचा चेहरा उजळला. तिने भकल कपाळाला लावलं आणि भावोजींना विचारलं, "तुमी व्हय म्हटलास मां?"

"म्हटलंय," भावोजी म्हणाले.

मी वही आत नेऊन ठेवली. पोटुशी बाई, तिच्या मनाला कशाला लावायचं, असं मला वाटलं. भावोजींनाही तेवढंच वाटलं असणार. त्या क्षणी ते खोटं इतकं लहान होतं की कोणाच्या लक्षातही राहू नये.

त्या हिवाळ्यात चीनची लढाई लागली. बातम्या ऐकायला ज्याला त्याला रेडिओ हवा होता, भरडावरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. भावोजी जेवायलासुद्धा उशिरा येत. पौषात ताईचे दिवस भरले. सकाळी काशीबाई आली, दुपारपर्यंत बाळ झालं. मुलगी. अंगाने भरलेली, डोक्यावर जावळ, नखं वाढलेली. काशीबाईने तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली. पडवीत भावोजी भिंतीला कान लावून उभे होते. आतून कसलाही आवाज आला नाही. काशीबाई बाहेर आली, तिने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, आणि ते पायरी उतरून विहिरीकडे गेले आणि कळशी भरून घेऊन आले. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, घरात आकांत होईल. तसं काही झालं नाही. ताई भिंतीकडे तोंड करून पडून असे. जेवण दिलं तर जेवे, नाही दिलं तर मागत नसे. तिसऱ्या दिवशी भावोजी दुकानात गेले. चौथ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर दुकानावरून गेले तर ते करट्या चढवून बसले होते. पुढ्यात एक उघडा रेडिओ. मी जवळ जाऊन पाहिलं, हेडफोनची तार टेबलावरून खाली लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती. मी हाक मारली. अर्थातच ऐकू आली नाही. मी घरी आले. मलाही त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. वह्या तपासत होते, भात टाकत होते, काल काय केलं ते आज आठवत नसे.

त्याच सुमारास प्रोफेसरांचं पत्र आलं. दसऱ्याची फीत अत्यंत स्वच्छ असून आजवरच्या संग्रहातील सर्वोत्तम आहे, असं लिहिलं होतं. भावोजींनी ते वाचून खिळ्याला अडकवलं. मी ते त्याच रात्री चुलीत घातलं. 

ताई हळूहळू उठून कामाला लागली. फाल्गुनात एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो, भावोजी पायरीवर बसले होते. ताई सुपातून नजर न काढता म्हणाली, "साऱ्या गावान व्हय म्हटल्यान. ह्यांनी म्हटल्यानी. मगे देवान आयकूक कित्या नाय?" तिने सूप हलवलं. "म्हणजे खोट माज्यातच आसा. तीन तीन पोरां काय उगाच जातत?" तिने हे अशा आवाजात सांगितलं जसं कोणी तांदळात खडे फार आहेत म्हणून सांगावं.

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. ते उठले आणि चपला घालून निघून गेले.

मला त्यांचा संताप आला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्यांना फाडफाड बोलले. ती रोज स्वतःला खाते आहे, म्हटलं. देवाने ऐकलं असतं की नसतं ते मला माहीत नाही, मी त्यावर पैजही लावणार नाही. पण तुम्ही म्हटलं नव्हतं एवढं तिला सांगा, म्हणजे तिला रागवायला दुसरं कोणीतरी मिळेल. भावोजी रेडिओच्या पोटात बघत राहिले. "सांगान काय होतला?" ते म्हणाले. "गेलेला चेडू येतला?" मी दुकानाची पायरी उतरले. मग मी स्वतः का नाही सांगितलं? रोज ठरवत होते. सांगायला गेले असते तर आधी हे सांगावं लागलं असतं की मी ऑक्टोबरपासून जाणते, आणि त्या देवळात मी मनात शाबास म्हटलं होतं. बोलणारी म्हणून माझी ख्याती, पण हे मला बोलवलं नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि पुण्याहून दसऱ्याची टेप परत आली, शब्द उतरवून काढण्यासाठी. भावोजींनी ती माजघरात लावून दिली. मी करट्या चढवून रोज दुपारी थोडं थोडं लिहून काढायची. तिसऱ्या दिवशी ताई दारात येऊन उभी राहिली. मी एक कान मोकळा केला.

"माज्यासाठी घातलेला गाऱ्हाणा त्यात आसा?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"माका आयकाचा आसा."

भावोजी जेवून पडवीत पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता ते काहीतरी सबब काढतील, बॅटरी उतरली म्हणतील. एवढं खोटं त्यांना सहज जमलं असतं. ते आत आले. माझ्या डोक्यावरच्या करट्या त्यांनी काढून घेतल्या, धोतराच्या सोग्याने रबर पुसलं, ताईला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने तिचे कान आत घातले. तिचा अंबाडा अडत होता, तो त्यांनी सैल केला. मग त्यांनी टेप पुढे पळवली आणि नेमक्या जागी थांबवून चालू केली. जागा त्यांना पाठ होती. नंतर ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

आम्हाला दोघांना काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्राची चाकं फिरत होती. ताईने डोळे मिटले होते. बाबली केव्हा बोलायला लागले, आपलं नाव केव्हा आलं, ते तिच्या भुवयांवरून कळलं. मग तिचा श्वास थांबला. बराच वेळ थांबला. नंतर सुटला. गाव व्हय म्हाराजा म्हणून गेला असणार.  तिने हाताने खूण केली, पुन्हा. भावोजींनी टेप मागे फिरवली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने करट्या काढल्या आणि मांडीवर ठेवल्या. कानांभोवती रबराचे वळ उठले होते.

"तुमी म्हणूक नाय," ती म्हणाली. "श्वास घेतलास. मोठो. तोंड उघडलास तोय आवाज आसा. आणि मगे गप रवलास."

"व्हय," भावोजी म्हणाले.

मी ती टेप तीन दिवस ऐकत होते. तो श्वास मला ऐकू आला नव्हता.

"आणि माका सांगलास, म्हटलंय."

"व्हय."

"चार म्हयने मी माका दोष देतंय, ता हय बसान आयकत रवलास."

"व्हय."

ताईच्या हातांत करट्यांची तार होती, ती तिने बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मला वाटलं, आता ती ते हेडफोन त्यांच्या तोंडावर भिरकावील. मी असते तर भिरकावले असते. टेप संपली आणि चाक रिकामं फिरत राहिलं, पण ते बंद करायला कोणी उठलं नाही.

"नाव ठेवूक मिळाक नाय तेचा," ती म्हणाली. "माजा चेडू होता ता. तुमचाय होता."

भावोजींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "व्हय," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांचा आवाज असा फुटला की पडवीतली मांजर उठून बाहेर गेली. ताई पाटावरून पुढे सरकली, त्यांचं डोकं तिने दोन्ही हातांनी धरलं, आणि मग दोघंही रडली, मोठमोठ्याने, भर दुपारी, शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.